सतरा पायऱ्या आणि एक उतरण : प्रकल्प नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

पावसजवळच्या आमच्या बागेत आंबा भरायची पडवी वर आहे आणि टेम्पो थांबतो तो रस्ता खाली. मधे जांभ्याच्या सतरा पायऱ्या. सीझनमध्ये भरलेलं क्रेट खांद्यावर घेऊन त्या उतरायच्या. गेल्या वर्षी बागेची राखण करणारा नेपाळी भाऊ (त्याला सगळे दाजूच म्हणतात) तेराव्या पायरीवर घसरला. पाय वाचला, क्रेट गेलं. तेव्हापासून आबांच्या मागे लागले होते की पायऱ्यांच्या कडेने फळ्यांची घसरण बांधू. आज ते म्हणाले, "बांध गो, पण माझ्या फळाला मार बसता कामा नये. मार लागलेलं फळ त्या दिवशी दिसत नाही, अढीत घातलं की आठ दिवसांनी काळं पडतं. तोवर ते मुंबईला पोचलेलं असतं आणि शिव्या मला बसतात."

म्हणजे प्रश्न सरळ आहे. क्रेट खाली पोचेल तेव्हा त्याचा वेग किती? त्यासाठी आधी त्वरण हवं. रोज वर्गात शिकवते तेच गणित, फक्त फळ्यावर म्यूची, म्हणजे घर्षणाच्या गुणांकाची, किंमत कुणीतरी देऊन ठेवलेली असते. इथे कुणी देणार नाही.

मापं घेतली. उंचीसाठी गवंड्याची पाण्याची नळी वापरली. पडवीच्या उंबऱ्यापासून रस्त्याकडेच्या ओट्याच्या माथ्यापर्यंत बरोबर ३.० मीटर. ओटा टेम्पोच्या फाळक्याइतका उंच आहे, तो तसाच ठेवायचा. आडवं अंतर ७.० मीटर. म्हणजे उताराचा कोन २३.२ अंश आणि फळ्यांची लांबी ७.६ मीटर.

रविवार, ५ जानेवारी

भाचा अकरावी सायन्सला आहे, त्याला ओढून आणलं. बाजारातून १८ मिलीमीटरचं प्लायवुड आणून उभं चिरून घेतलं. एक तुकडा २४४ सेंमी लांब, दोन फूट रुंद. पडवीतच चाचणीची उतरण मांडली.

पहिलं काम, क्रेट आपण होऊन कधी सुटतं ते पाहणं. फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं आणि क्रेट सुटलं की थांबून उंची मापायची. सुटण्याच्या क्षणी कोनाचा टॅन म्हणजेच स्थितिक घर्षणाचा गुणांक. पाच वेळा केलं: ८८, ९४, ८५, ९१, ९७ सेंमी. सरासरी ९१, म्हणजे कोन २१.९ अंश, म्यू ०.४०.

भाच्याला सरासरी मिळाल्याचा आनंद. माझं लक्ष ८५ आणि ९७ वर. तेच क्रेट, तीच फळी, तोच अर्धा तास आणि म्यू ०.३७ पासून ०.४३ पर्यंत हिंडतो. ८५ च्या वेळी क्रेटच्या बुडाला बागेतली तांबडी धूळ होती, ती झटकायची राहिली होती. ९७ चं कारण कळलं नाही.

आमच्या जागेचा कोन २३.२ आहे, त्याचा टॅन ०.४३. म्हणजे वाईट दिवशी क्रेट वरच बसून राहील. वरून माणसाने हात लावायचा हे धरूनच चालायचं. त्यात काही बिघडत नाही, कुणीतरी वर असणारच.

रात्री एक क्रेट भरलेलंच फळीवर ठेवून दिलं. मुद्दाम नाही, कंटाळा आला म्हणून.

सोमवार, ६ जानेवारी

सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी तेच क्रेट उचलून पाहिलं. १०४ सेंमीपर्यंत हललं नाही! म्यू ०.४७. रात्रभर बसून चिकटलं म्हणायचं.

हे मला आठवायला हवं होतं. कुलोम, म्हणजे ज्याचं नाव आपण विजेच्या धड्यात घेतो तोच, मुळात लष्करातला इंजिनिअर. त्याच्या घर्षणावरच्या कामाला १७८१ मध्ये पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळालं होतं. लाकडावर लाकूड जितका वेळ विसावलेलं असेल तितकं ते सोडवायला जास्त बल लागतं, हे त्याने मोजून दाखवलं. आपल्या पाठ्यपुस्तकात स्थितिक म्यू हा एकच आकडा असतो, विसाव्याची वेळ गाळलेली असते. प्लॅस्टिक आणि प्लायवुडलाही तेच लागू दिसतंय.

शनिवार, ११ जानेवारी

आज त्वरण. फळी २५ अंशांवर लावली. कोन आधी मोबाइलच्या ॲपने घेतला, तर २५.८ दाखवला. टेपने वरच्या टोकाची उंची मापली तर १०३ सेंमी, म्हणजे २५.० च. बराच वेळ टेपवर संशय घेतला. शेवटी भाच्याने मोबाइल उलटा करून दाखवला: मागच्या कॅमेऱ्याचा उंचवटा. मोबाइल स्वतःच तिरका बसत होता. या ०.८ अंशाने त्वरणाच्या उत्तरात ०.१४ ची चूक आली असती, आणि उत्तरच मुळात दीडच्या आत आहे. ॲप बंद. टेप आणि साइन.

फळीवर दर ३० सेंमीला खडूची रेघ. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन. क्रेटमध्ये जांभ्याचे तुकडे भरून एकूण वजन २० किलो केलं. भाच्याने वरून क्रेट सोडायचं, मी चित्रं मोजायची.

स्थिर अवस्थेतून सुटलेल्या वस्तूसाठी त्वरण म्हणजे अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. रेघेगणिक काढलं (त्वरण मीटर प्रति सेकंद वर्गात):

३० सेंमीला वेळ ०.७७८ सेकंद, त्वरण ०.९९
९० सेंमीला १.२६० सेकंद, त्वरण १.१३
१८० सेंमीला १.७३२ सेकंद, त्वरण १.२०

त्वरण खाली जाता जाता वाढतंय. हे कसं? कोन एकच, फळी एकच.

पहिला संशय फळीच्या झोळावर. २० किलोला प्लायवुड मधे वाकतंय हे डोळ्यांनी दिसत होतं. पण झोळ असेल तर फळी वरच्या भागात जास्त उभी आणि खालच्या भागात कमी उभी, म्हणजे त्वरण उतरत जायला हवं. आकडे उलटं सांगतायत. तरी खालून तीन रिपा मारून झोळ काढला आणि परत घेतलं. तीच गत.

वेग वाढला की घर्षण कमी होतं का? होतंही काही पदार्थांच्या जोडीत. भाच्याला ही कल्पना फारच आवडली, त्याने लगेच वहीत 'शोध' असं लिहिलं. खोडायला लावलं नाही.

रविवार, १२ जानेवारी

शोध नाही, बोटं.

रात्री सगळे आकडे दुसऱ्या तऱ्हेने मांडले. अंतर हे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असेल तर अंतराचं वर्गमूळ सरळ वेळेच्या प्रमाणात हवं. म्हणजे आलेखात सरळ रेघ. सहाही रेघांची वर्गमुळं काढून मांडली, आणि काय सुरेख रेघ आली! फक्त ती शून्यातून जात नव्हती. ०.१२ सेकंदावर वेळेचा अक्ष कापत होती. रेघेच्या चढावरून त्वरण १.३८ आलं, आणि सहाही ठिकाणी तेच.

०.१२ सेकंद म्हणजे २४० च्या हिशेबाने २९ चित्रं. व्हिडिओ परत लावून सुरुवातीची २९ चित्रं एकेक करून पाहिली. भाचा 'सोडलं' म्हणतो तिथून मी मोजायला लागले होते. पण त्याची बोटं क्रेटच्या कडेखाली आहेत, तळवा उघडलाय, बोटांची टोकं अजून टेकलेली. क्रेट त्याच्या बोटांवरून ओघळतंय. तेवढा वेळ ते मोकळं सुटलेलंच नाही. ही चूक प्रत्येक मापनात तेवढीच, ०.१२ सेकंद. म्हणून जिथे एकूण वेळ थोडा तिथे तिचा वाटा मोठा आणि खालच्या रेघेला लहान. त्वरण 'वाढत' होतं ते यामुळे.

मग हात काढूनच टाकला. क्रेट सुतळीने वरच्या खिळ्याला बांधलं आणि सुतळी उदबत्तीने जाळली. आबा पडवीत येऊन बघून गेले. "आरती चाललीये की अभ्यास?"

१.८० मीटरला पाच वेळा: १.५८, १.६६, १.६१, १.५५, १.६७ सेकंद. सरासरी १.६१. त्वरण १.३८, आलेखाच्या पद्धतीशी जुळलं. आता उलटं म्यू काढायचं.

त्वरण = जी × (साइन थीटा − म्यू × कॉस थीटा)

जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, मी ९.७८ घेते. ९.८१ हा युरोपातल्या अक्षांशांजवळचा आकडा, आपण विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ. साइन २५ म्हणजे ०.४२२६, कॉस ०.९०६३. गतिक म्यू, म्हणजे घसरत असतानाचा, ०.३१ आला. स्थितिकपेक्षा चांगलाच कमी, अपेक्षेप्रमाणे.

शनिवार, १८ जानेवारी

आज ०.३१ ची दुसऱ्या रस्त्याने खातरजमा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला डिजिटल काटा घेतला, फळी सपाट जमिनीवर ठेवली आणि २० किलोचं क्रेट आडवं ओढत नेलं. एकसारख्या वेगाने ओढायचं, काटा पाहायचा. आकडा ५.८ ते ६.६ मध्ये नाचत होता, बहुतेक वेळा ६.२ जवळ. ६.२ भागिले २० म्हणजे ०.३१. ना कोन, ना घड्याळ, ना जी. वर्गात मी हे आधी का दाखवत नाही कुणास ठाऊक.

दाजू बघत उभा होता. त्याचं म्हणणं, जड क्रेट जास्त जोरात येणार. आबांचंही तेच. भाच्याने सूत्र दाखवलं, "यात वजन कुठाय?" आबा म्हणाले, "तुझ्या सूत्रात नसेल, माझ्या खांद्यावर आहे."

वाद घालण्यापेक्षा सोडून बघितलं. ४ किलोचं क्रेट: १.६३ सेकंद. २० किलोचं: १.६०. परत ४: १.६०. खरं तर आकड्यांपेक्षा समजावण्याची रीत दाजूलाच सापडली. तो म्हणाला, वजन वाढलं की खाली ओढ वाढते, पण फळीवर दाबही तेवढाच वाढतो, मग ती धरून ठेवते. अगदी हेच. उताराच्या दिशेची ओढ वजनाच्या पटीत, घर्षणही वजनाच्या पटीत, आणि हलवायची वस्तूही तेवढ्याच पटीत जड. तिन्हीकडून वजन जातं.

पण आबाही चुकीचे नाहीत. वेग सारखा असला तरी २० किलोचा धक्का ४ किलोच्या पाचपट. खाली झेलणाऱ्याला सूत्र नाही, धक्काच लागतो.

जाता जाता एक: क्रेट आडव्याऐवजी उभ्या लहान बाजूवर ठेवूनही सोडलं. टेकणारं क्षेत्र बरंच कमी, वेळ तीच. हे अमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्येच सांगून ठेवलंय. तिसऱ्या वेळी क्रेट कोलमडलं आणि जांभ्याचे तुकडे सगळ्या पडवीभर. वहिनींनी झाडू माझ्या हातात दिला.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून थेट बागेत. आज फक्त कागद.

आमच्या जागेचे आकडे घातले. कोन २३.२, म्यू ०.३१. त्वरण १.०७. लांबी ७.६ मीटर. खालचा वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर. सायकलच्या वेगाने सहा डझन आंबे ओट्यावर आदळणार. अर्थातच नाही चालणार.

त्याहून मोठी भीती दुसरी. म्यू ०.३१ आहे हे मी छातीठोक सांगू शकत नाही, ०.२७ असेल किंवा ०.३५. ही दोन टोकं घालून बघितली. ०.२७ ला त्वरण १.४३, ०.३५ ला ०.७१. म्यू तेरा टक्क्यांनी हलला आणि त्वरण तेहतीस-चौतीस टक्क्यांनी. कारण कंसात बघितलं की दिसतं: साइनची बाजू ०.३९४, घर्षणाची ०.२८५. जवळजवळच्या दोन आकड्यांची वजाबाकी. मोठ्या आकड्यातली बारीक चूक लहानशा बाकीवर येऊन बसते. उतार जेमतेम घसरण्याइतका असतो तिथे नेमकी ही अडचण, आणि आमचा उतार तसाच आहे.

आबांनी सुचवलं, "वर उभी ठेव, खाली लोळती कर. पोरांच्या घसरगुंडीला असते तशी." मलाही हेच वाटत होतं. खालचा भाग १० अंशांचा केला तर तिथे त्वरण ऋण, क्रेट मंदावत येईल. भाच्याला हिशेब करायला बसवलं. वरचा भाग उभा, त्यात त्वरण इतकं, वेग इतका, खालच्या भागात मंदन इतकं. तासाभराने तो म्हणाला, "मावशी, परत चारच येतंय."

मी म्हटलं चुकलास. मी केलं. चारच.

मग डोकं चाललं. घर्षणाने खाल्लेलं काम म्हणजे म्यू × वजन × कॉस थीटा × उताराची लांबी. आणि कॉस थीटा गुणिले लांबी म्हणजे दुसरं काही नाही, आडवं अंतर! मधे कितीही वळसे, कितीही कोन बदला, आडवं अंतर ७ मीटर ते ७ मीटरच. (वळणावरचा धक्का आणि वक्र भागातला जास्तीचा दाब सोडला तर.) म्हणून:

उरलेली उंची = उंची − म्यू × आडवं अंतर

३ वजा ०.३१ गुणिले ७, म्हणजे ०.८३ मीटर. क्रेट खाली ज्या वेगाने येतं तो ८३ सेंमी उंचीवरून हातातून सोडल्याचा वेग. बस, इतकंच. पंधरा वर्षं उतरणीची गणितं शिकवतेय, साइन-कॉसची पानं भरवून घेतेय, आणि हे असं एका ओळीत मांडून कधी बघितलं नव्हतं.

आबांना मीटर-सेकंद सांगून उपयोग नसतो. पण "क्रेट ८३ सेंमीवरून टाकल्यासारखं आपटेल" म्हटल्यावर त्यांनी हात मांडीच्या वर धरून उंची बघितली आणि मान हलवली. आता आमची भाषा ठरली. त्वरण वगैरे वहीत, बोलायचं ते 'उरलेल्या उंची'त.

म्हणजे आकाराने काही साधत नाही. एक तर आडवं अंतर वाढवा (जागा नाही, पुढे रस्ता), नाहीतर खालच्या भागात म्यू वाढवा.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मधले दोन आठवडे प्रॅक्टिकल परीक्षांत गेले.

म्यू वाढवायला काय? गोणपाट सुचलं, पण ते क्रेटच्या बुडाच्या जाळीत अडकून गोळा होतं. रबर फारच धरतं, क्रेट पुढे कलंडतं. वहिनींनी दारातलं काथ्याचं पायपुसणं आणून टाकलं. २० किलोचं क्रेट त्यावरून ओढलं तर काट्यावर १०.४ किलो. म्यू ०.५२. कोकणात राहून काथ्या शेवटी सुचावा!

हिशेब: आडव्या ७ मीटरपैकी वरचे ४ मीटर उघडं प्लायवुड, खालचे ३ मीटर काथ्या. घर्षण खाणार १.२४ अधिक १.५६, एकूण २.८०. उरलेली उंची २० सेंमी. खालचा वेग २ मीटरच्या आत. काथ्याच्या भागात त्वरण उणे ०.८२, म्हणजे क्रेट मंदावत येतंय. आणि ओट्यावर सपाट काथ्या घातला तर ती २० सेंमी संपायला ०.२० भागिले ०.५२, म्हणजे ३८ सेंमी पुरेत. ओटा सव्वा मीटर आहे.

बाजारातून साडेचार मीटर काथ्याची मॅटिंग आणली.

रविवार, १६ फेब्रुवारी

बांधली. सुतार सकाळी आठला आला तो दुपारी तीनला गेला. जोड कसे द्यायचे यावर त्याने मला एक धडा दिला. मी फळ्या समोरासमोर भिडवायला सांगत होते. तो म्हणाला, "एक सूत वर-खाली झालं की क्रेट अडलं. कौलं कशी बसवतात?" वरच्या फळीची कड खालच्या फळीवर चढवायची. पायरी आली तरी उतरती. दोन्ही बाजूंना चार इंचांच्या पट्ट्या, क्रेट भरकटू नये म्हणून.

पहिलं क्रेट जांभ्याच्या तुकड्यांचं. दाजूने वरून सोडलं. आवाज वरच्या भागात खर्रकन, काथ्यावर आलं की फुसफुस. ओट्यावर आलं, सरकलं, थांबलं. कुणी काही बोललं नाही, भाच्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या.

व्हिडिओवर शेवटच्या ५० सेंमीला ५८ चित्रं लागायला हवी होती, ६४ लागली. शेवटचा वेग सुमारे १.७६, माझं भाकीत १.९८ चं. उरलेली उंची २० ऐवजी १६ सेंमी. ओट्यावर थांबायचं अंतर २७ ते ३४ सेंमी. नवा काथ्या जरा जास्तच खरखरीत असावा, किंवा बाजूच्या पट्ट्यांना क्रेट घासत असावं. मी या फरकावर खूश आहे. वहीत भाच्याने 'प्रयोग यशस्वी' लिहिलं, त्याखाली मी चूक किती टक्के आली ते लिहायला लावलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी सातला, कॉलेजला जायच्या आधी एक क्रेट सोडून पाहिलं. रात्री दव पडलेलं, फळ्या हाताला ओलसर लागत होत्या. क्रेट आलं, काथ्यावर मंदावलं, आणि ओट्याच्या ४० सेंमी अलीकडे थांबलं. मागून दुसरं आलं असतं तर थेट त्याच्यावर.

उलटं गणित केलं. काथ्याचा म्यू तोच धरला तर ओल्या प्लायवुडचा म्यू ०.३७ निघतो. म्हणजे २६ जानेवारीला मी जी दोन टोकं धरली होती त्याच्याही बाहेर.

दिवसभर डोक्यात तेच. वरच्या भागाला मेण लावू? मेणाचा म्यू फार कमी, मग ओटा अपुरा पडेल. पत्रा ठोकू? उन्हात तापेल. काथ्या अर्ध्या मीटरने कमी करू? मग कोरड्या दुपारी वेग वाढेल. संध्याकाळी आबांना फोन करून तिन्ही पर्याय सविस्तर सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "टेम्पो पाचला येतो. संध्याकाळी पाचला. दवात क्रेट सोडणार कोण?"

शनिवार, ८ मार्च

पहिली काढणी. मोजून ३८ क्रेटं, दुपारी भरली, पावणेपाचला सोडायला घेतली. वर दाजू, खाली मी आणि भाचा. नियम एकच: खालून 'हां' आल्याशिवाय वरून पुढचं सोडायचं नाही.

चौदावं क्रेट वरच्या भागात तिरकं झालं आणि पट्टीत कोपरा अडकून थांबलं. दाजू पायऱ्यांवरून उतरला आणि बांबूने ढकललं. त्याने ते सोडताना एका हाताने सोडलं होतं. त्यानंतर दोन्ही हातांनी. बाकी सगळी सरळ आली. अठरा मिनिटं लागली.

दोन क्रेटं मागे ठेवून घेतली. एक घसरणीवरून आलेलं, एक मुद्दाम पायऱ्यांवरून हाताने आणलेलं. दोन्ही एकाच झाडाच्या फळाची. खडूने खुणा करून पडवीत पेंढ्यात अढी लावली.

मंगळवार, १८ मार्च

दहा दिवस झाले. अढ्या उघडल्या. आबा स्वतः एकेक फळ हातात घेऊन देठाकडे, मग बुडाकडे बघत होते, अंगठ्याने हलकेच दाबत होते. बहात्तर आणि बहात्तर. हाताने आणलेल्यात डागी फळं तीन. घसरणीवरून आलेल्यात दोन, त्यातलं एक चिकाने भाजलेलं, म्हणजे ते काढणीतलंच.

भाचा म्हणाला, घसरण जास्त चांगली हे सिद्ध झालं. मी म्हटलं, एकेका क्रेटवरून तीन आणि दोनमध्ये काही सिद्ध होत नाही, फार तर घसरणीने जास्तीचं नुकसान दिसलं नाही इतकंच लिही. तो लिहीत असताना आबांनी एक फळ कापलं, फोडी ताटलीत सरकवल्या आणि विचारलं, "खाली गेलेली रिकामी क्रेटं वर कशी आणणार आहेस?"

आज ती सतरा पायऱ्यांवरूनच वर आली. चार-चार एकात एक घालून, माझ्या खांद्यावरून.